साळवेंची उमेदवारी

साळवे माइकवर "गाडी रद्द आहे" असं कधीच म्हणाले नाहीत.

श्रीरामपूरकडच्या आमच्या स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते आणि मी पासच्या खिडकीत बसायचे. त्यांची केबिन आणि माझी खिडकी यांच्यामध्ये एक तडकलेली काच होती, तेवढाच काय तो आडोसा. कितीतरी वर्षं मी त्यांना रोज ऐकलं. गाडी लागली, गाडीला उशीर आहे, अमुक गाडी तमुक फलाटावर येईल, हे सगळं ते माइकवर सांगत. गाडी रद्द झाली की मात्र माइक बंद करून, टोपी घालून बाहेर जात, त्या गावाच्या लोकांमध्ये उभे राहत आणि तोंडाने सांगत. मग लोक त्यांच्यावर तुटून पडत. एकदा एकाने सरळ थोबाडीत मारली होती. त्याची म्हातारी आई दवाखान्यातून आलेली, फलाटावर पडून होती. साळवेंनी खाली पडलेली टोपी उचलली, झटकली आणि त्याला गाव विचारलं. मग रस्त्यावर उभं राहून त्या दिशेचा एक टेम्पो अडवला आणि दोघांना पुढे बसवून दिलं.

मी त्यांना म्हटलं होतं, माइकवरून सांगा की, हा मार कशाला खायचा? ते म्हणाले, "माइकला शिव्या देता येत न्हाईत, बाई. मानसाला येतात. देऊ द्या."

आवाज मात्र काय होता! बोलताना आमच्यासारखंच हाय-न्हाई करणारे साळवे माइकसमोर बसले की स्वच्छ, घडीव मराठी बोलत. या आवाजाचा त्यांना गर्वही होता. दुसऱ्या कुणी माइकला हात लावलेला त्यांना खपत नसे. रजेवरून आले की आधी रुमालाने माइक पुसत आणि मग बसत. कुणी गावाचं नाव चुकीचं उच्चारलं तर दोन-दोन दिवस त्या माणसाशी अबोला. माझ्याशीही एकदा आठवडाभर बोलले नव्हते. कारण काय होतं तेही आता आठवत नाही.

रविवारी दुपारपर्यंत ते ड्यूटी घेत नसत. त्याच्या बदल्यात दसरा, दिवाळी, पाडवा, सगळ्यांच्या सणाच्या ड्यूट्या ते करत. रविवारी चर्चमध्ये त्यांची पेटी असे. तिथली मराठी भजनं ते वाजवत आणि गात. दिवाळीचा डबा माझ्याकडून त्यांच्या केबिनमध्ये जायचा, नाताळचा त्यांच्याकडून माझ्या खिडकीत यायचा. पदार्थ तेच. त्यांच्या करंज्या माझ्यापेक्षा खुसखुशीत असत, कारण त्या सुशीलाबाईंनी, त्यांच्या पत्नीने, केलेल्या असत.

कागदावर ते दिनकर होते आणि घरात दानियल. वडिलांनी बाप्तिस्मा घेतला, पण शाळेत नाव घालताना मास्तरांनी आजोबांची जात आणि हिंदू धर्म लिहिला, तो तसाच राहिला. आमच्याकडे त्यात कुणाला नवल वाटत नव्हतं. अर्धी आळी अशीच होती. रविवारी एक नाव, सोमवारी दुसरं. कुणी विचारत नसे आणि कुणी लपवतही नसे.

मनीषा खैरवाडीची. अकरावीपासून ती माझ्या खिडकीत पास काढायला यायची. फोटोत नेहमी डोळे मिटलेले, म्हणून मी तिला चिडवायची. खैरवाडीची संध्याकाळची गाडी ही त्या बाजूच्या मुलींची घरी जायची एकच सोय. पुढे चालकच कमी झाले, तशी ती गाडी आधी आठवड्यातून एकदा रद्द व्हायला लागली, मग दोनदा, मग कधीही.

उसाच्या हंगामातली गोष्ट. त्या दिवशी गाडी येणार नाही असं कळल्यावर साळवे नेहमीसारखे बाहेर गेले. मुली घोळका करून उभ्या होत्या. बाकीच्या कुणाकुणाच्या दुचाकीवर गेल्या, कुणी मावशीकडे राहायला गेली. मनीषा राहिली. साळवे तिला म्हणाले, वाट बघत बसू नको, उजेड हाय तवर पायी निघ. वाट तासाभराचीच होती. मी खिडकी बंद करताना तिला स्टँडच्या बाहेर पडताना पाहिलं.

उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला जोडलेल्या होत्या. मागे दिवा नव्हता की लाल कापड नव्हतं. दिवस मावळता मावळता मागून आलेला एक मोटारसायकलवाला ट्रॉली चुकवायला रस्त्याच्या कडेला उतरला, त्याला वाट द्यायला मनीषा ट्रॉलीकडे सरकली आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या चाकाखाली गेली.

साळवे तिच्या मातीला गेले. बापाला भेटले आणि त्यांनी सांगितलं की पायी निघ असं मीच म्हणालो होतो. बाप म्हणाला, तुमी काय करणार साहेब. एवढंच. त्याने दोष दिला असता तर साळवेंना बरं वाटलं असतं असं मला वाटतं. त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत माइकवर बसले, पण गाडी रद्द झाली की बाहेर जाऊन नुसतं "गाडी न्हाई" म्हणत. पुढे काय करा हे त्यांनी पुन्हा कुणाला सांगितलं नाही.

खैरवाडीची गाडी त्या वर्षी कायमची बंद झाली. निवृत्तीनंतर साळवे त्या गाडीच्या मागे लागले. आगारात गेले, नगरला गेले, दोन्ही आमदारांकडे गेले, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या. सगळीकडे चहा मिळाला. सगळ्यांनी ऐकून घेतलं, कारण त्यांचं बोलणं ऐकत राहावं असं होतं. गाडी काही सुरू झाली नाही.

मग विधानसभेची निवडणूक लागली. आमचा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव. मोठ्या पक्षांचे उमेदवार आधीच ठरलेले होते. एक लहान पक्ष होता, त्याचं नाव सांगून कुणाला काही आठवणार नाही. त्या पक्षाला राज्यात अमुक इतक्या जागा लढवायच्या होत्या आणि आमच्याकडे माणूस मिळत नव्हता. त्यांचे जिल्हाध्यक्ष केडगावला राहत. सज्जन गृहस्थ, शिकवणी चालवायचे. ते कुणाच्या तरी सांगण्यावरून साळवेंकडे आले. साळवेंनी विचारलं, निवडून आलो तर खैरवाडीची गाडी चालू होईल का? जिल्हाध्यक्ष म्हणाले, निवडून नाही आलात तरी प्रचारात तुम्हाला गाडीबद्दल बोलता येईल, रोज, माइकवर. यावर साळवे तयार झाले.

त्यांना ते आवडलंही, हे सांगायला हवं. स्टुडिओत जाऊन फोटो काढला. त्याआधी केस काळे केले, तेव्हा सुशीलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "नवरदेव दिसतोय," असं त्या मला म्हणाल्या, साळवेंना ऐकू जाईल अशा बेताने. लहान पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर सह्या करणारे सूचक जास्त लागतात. त्यांतली एक मी. अर्ज भरायला आम्ही सगळे पायीच गेलो. साळवेंच्या गळ्यात एकच हार होता आणि तो त्यांनी घरी येईपर्यंत काढला नाही.

छाननीच्या दिवशी आक्षेप आला.

तहसील कचेरीतल्या त्या लांबट खोलीत आम्ही मागे बसलो होतो. सगळ्यांत ताकदवान उमेदवाराचा वकील उभा राहिला. तरणा मुलगा, साळवेंना काका म्हणणारा. तो म्हणाला की हे गृहस्थ ख्रिस्ती आहेत, चर्चमध्ये पेटी वाजवतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे. ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर उभं राहता येत नाही.

निवडणूक अधिकारी बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी साळवेंना सांगितलं की जातीचा दाखला खरा आहे हे मला मान्य आहे, पण आक्षेप घेतलाय तर तुमचं म्हणणं ऐकायला हवं. "तुम्ही सध्या कोणता धर्म पाळता?" त्यांनी विचारलं.

साळवे उभे राहिले. तोंड उघडलं आणि काही आवाजच आला नाही. इतक्या वर्षांत मी असं कधी पाहिलं नव्हतं. जिल्हाध्यक्षांनी घाईने मुदत मागितली आणि बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची मुदत दिली.

आम्ही तिथून त्यांच्या घरी गेलो. सुशीलाबाई ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. जिल्हाध्यक्षांनी समजावून सांगितलं की दोन ओळींचं काम आहे. मी हिंदू आहे, धर्म बदललेला नाही, चर्चमध्ये जातो ते पत्नीमुळे आणि गाण्याच्या आवडीने. कागदही तेच सांगतोय. खोटं काही नाही. नाही म्हणालात तर अर्ज गेला, आणि नुसता अर्ज जाणार नाही. दाखल्यावरच प्रश्न येईल. आणि त्या दाखल्यावर संध्याची नोकरी आहे.

संध्या ही त्यांची एकुलती मुलगी. कर्जतला सरकारी दवाखान्यात नर्स होती, राखीव जागेवर लागलेली. हे तोवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. साळवेंच्या तर नाहीच.

साळवेंनी सुशीलाबाईंकडे पाहिलं. त्या मेथी निवडतच होत्या.

"म्हना तुमी," त्या म्हणाल्या. "देवाला कळतंय सगळं."

"देवाला कळतंय गं," साळवे म्हणाले. "मला कळंना, त्याचं काय करू?"

निवडलेल्या भाजीची परात उचलून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाईंनी पुन्हा विचारलं. साळवे उभे राहिले आणि या वेळी आवाज आला, तो माइकवरचा. "मी दिनकर यादव साळवे. मी हिंदू आहे. मी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला नाही." घडीव, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. बाहेरच्या व्हरांड्यातले लोक बोलायचे थांबले. आक्षेप फेटाळला गेला. जिल्हाध्यक्षांनी त्यांचा हात हातात घेऊन दाबला. दाराबाहेर कुणाचा तरी मोबाईल चालू होता हे आम्हाला संध्याकाळी कळलं, कारण तोवर ते बोलणं सगळ्या गावाच्या मोबाईलवर पोचलं होतं.

रविवारी ते चर्चमध्ये गेले तेव्हा पेटीवर दुसरा माणूस बसला होता. त्यांना कुणी टाकून बोललं नाही. पाळकांनी हात जोडून नमस्कार केला. साळवे मागच्या बाकावर बसले आणि प्रार्थना संपायच्या आधीच उठून आले. त्यानंतर जिल्हाध्यक्षांनीच सांगितलं की निवडणूक होईपर्यंत तिकडे फिरकू नका. सुशीलाबाई एकट्या जायला लागल्या. बायका त्यांना जागा करून देत, पण ख्यालीखुशाली विचारायच्या थांबल्या होत्या.

प्रचार एका रिक्षात झाला. वर कर्णा, आत साळवे. कार्यकर्ते असे नव्हतेच. जिल्हाध्यक्ष शिकवणी संपली की येत. मी काही वेळा बरोबर गेले. गावात रिक्षा शिरून आवाज सुरू झाला की लोक घराबाहेर येत. एका गावात एक म्हातारी पिशवी घेऊन धावत आली, तिला वाटलं गाडी लागली. साळवे रिक्षातून उतरले, तिला हाताने धरून पुन्हा ओट्यावर बसवलं आणि सांगितलं, "आजी, गाडी न्हाई. नुसताच मी हाय." मग परत रिक्षात बसले, पण त्या गावात पुढे काही बोलले नाहीत. रिक्षावाल्याला म्हणाले, चल.

बाकी गावांत ते खैरवाडीच्या गाडीबद्दल बोलत आणि मनीषाबद्दल. दुसरा विषयच नाही. जिल्हाध्यक्षांनी पक्षाचा जाहीरनामा दिला होता, तो रिक्षाच्या सीटखाली पडून राहिला. लोक ऐकत होते. बायका डोळे पुसत होत्या. इतके लोक ऐकायला लागले तेव्हा त्या ताकदवान उमेदवाराच्या कानावर गेलं असावं. आचारसंहिता लागलेली, त्यामुळे उघडपणे गाडीचं नाव घेऊन चालणार नव्हतं, पण कुठून तरी चक्रं फिरली आणि एका सकाळी खैरवाडीची संध्याकाळची गाडी सुरू होणार असल्याचं समजलं. पहिल्या दिवशी तिला झेंडूच्या माळा होत्या. कुणी कुणाचं नाव घेतलं नाही, पण नारळ कुणी फोडला हे सगळ्यांनी पाहिलं.

साळवे त्या दिवशी स्टँडवर आले होते. गर्दीच्या मागे, छत्री टेकून उभे. गाडी सुटली तेव्हा त्यांनी सवयीने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. मी म्हटलं, झालं की तुमचं काम. ते म्हणाले, "झालं. आता मी कशाला उभा हाय, ते तेवढं राहिलं."

निकालाच्या दिवशी त्यांचं डिपॉझिट गेलं. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, त्यांनाही नाही. पण खैरवाडीच्या केंद्रावर त्यांना मिळालेली मतं बोटांवर मोजता आली असती. ख्रिस्ती आळीतली त्याहून कमी. दोन दिवसांनी मनीषाचा बाप त्यांच्या घरी आला. मी तिथेच होते. तो उंबऱ्यापाशीच उकिडवा बसला.

"साहेब, मी तुमाला मत दिलं न्हाई," तो म्हणाला. "धाकटी पोरगी त्या गाडीनं येती आता. मी गाडीला मत दिलं."

"बरोबर केलं," साळवे म्हणाले आणि सुशीलाबाईंना चहा टाकायला सांगितला.

ते दोघं मग पावसापाण्याचं बोलत बसले. मी मात्र तिथे फार वेळ थांबू शकले नाही.

निवडणूक संपली तसा आक्षेपही संपला असं आम्हाला वाटलं होतं. पण त्या वेळी कुणीतरी दाखल्याविरुद्ध वर तक्रार करून ठेवली होती आणि ती आपल्या गतीने पुढे सरकत राहिली. चौकशीची नोटीस आली. वडिलांना आली तशी संध्यालाही आली. साळवे त्या तरुण वकिलाला चहाच्या टपरीवर भेटले आणि त्यांनी त्याला तक्रार मागे घ्यायला लावा म्हणून विनंती केली. तो खरंच ओशाळला. म्हणाला, काका, माझ्या ध्यानातही नव्हतं ते, पण आता एकदा कागद गेला की तो आमच्या हातात राहत नाही. त्याने चहाचे पैसे दिले आणि गेला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. कुणाच्याच मनात नव्हतं, हे मला फार नंतर जाणवलं.

संध्याच्या वकिलाने एकच गोष्ट बजावली. चौकशीची माणसं शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतील, फोटो बघतील. वडील चर्चमध्ये, नाताळात, कब्रस्तानात, कुठेही दिसता कामा नयेत. साळवेंनी घरातली पेटी मेव्हण्याकडे पाठवून दिली. भिंतीवरची तसबीर उतरवली. तिथला चौकोन भिंतीपेक्षा पांढरा दिसायचा, म्हणून तिथे कॅलेंडर लावलं. त्या वर्षी नाताळचा डबा आला नाही.

पुढे साळवे कर्जतला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले. मी तोवर मुलाकडे केडगावला राहायला आले होते. संध्याने फोनवर सांगितलं की दादांना दहन दिलं. चौकशी अजून चालू आहे, असंही म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, आणि मी आणखी काही विचारावं असं तिला वाटत नव्हतं.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या वर्षी, सुशीलाबाईंच्या मातीला. ताप डोक्यात गेल्याचं निमित्त झालं आणि त्या चार दिवसांत गेल्या. निरोप मिळाल्यावर मी पोचले तेव्हा शवपेटी कब्रस्तानात नेलेली होती. आतून भजनाचे सूर येत होते. फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, लोकांच्या चपला आणि मोटारसायकली यांच्या मधोमध साळवे एकटे उभे होते. पांढरा शर्ट, छत्री. केसांचा काळा रंग निम्मा उतरलेला. समोरच्या पानाच्या दुकानापाशी दोन तरुण दुचाकीवर बसून मोबाईल बघत होते. ते नुसतेच बसले असतील. साळवे त्यांच्याकडे पाठ करून उभे होते.

मी त्यांच्याजवळ थांबले. संध्या कुठे आहे विचारलं. आत आहे म्हणाले. आईच्या मातीला पोरगी गेली तर चालतं, असं वकिलाने सांगितलं होतं. मी कधी कब्रस्तानात गेले नव्हते. आत जावं की नाही, तिथली रीत काय, मला कळेना, आणि ते त्यांच्या लक्षात आलं.

"तुमी जा आत, बाई," ते म्हणाले. "तुमाला कुनी काय इचारनार न्हाई."

मी चप्पल काढायला लागले तर म्हणाले, काढू नका, आत काटे हायेत. मग थोडं पुढे येऊन, पण फाटकाच्या अलीकडेच थांबून, हलक्या आवाजात म्हणाले, "मूठ मूठ माती टाकत्यात सगळे. तुमची टाकून झाली की माझी एक टाका."

मी आत गेले. लोकांनी वाट करून दिली. संध्या कडेला उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. माझी पाळी आली तेव्हा मी एक मूठ टाकली, मग पुन्हा वाकले आणि दुसरी टाकली. पाळकांनी ते पाहिलं. दुसऱ्या मुठीपुरते त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाहेर आले तर साळवे तिथेच होते. माझ्या हाताला लागलेल्या मातीकडे बघत राहिले.

"खोल हाय ना?" त्यांनी विचारलं. "इकडं कुत्री लई हायेत."

खोल आहे, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. लोक बाहेर यायला लागले होते, तेव्हा ते छत्री उघडून भिंतीच्या कडेकडेने चालायला लागले. कुणी ओळखू नये अशा घाईने, मागे वळून न बघता.